टेलिकॅस्टरचं किट: जोडणी, फेरफार आणि एक पावसाळा

पैसे वाचतील म्हणून गिटारचं किट, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, घेणार असाल तर घेऊ नका. किटच्या किमतीत थोडी भर घातली की तयार गिटार येते, आणि किटमागून हत्यारांचा खर्च सुरू होतो तो वेगळाच. पण हिवाळ्यात जोडलेली माझी टेलिकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार उन्हाळा आणि पुण्याचा पावसाळा काढून आता रोज वाजते आहे. तेव्हा काय जमलं आणि कशावर पैसे घालवण्यात अर्थ नाही, हे लिहून टाकतो.

टेलिकॅस्टरच का? लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नसे. १९५० च्या सुमारास त्याने ही रचना बाजारात आणली ती कारखान्यात झटपट बनावी आणि बिघडली तर उघडता यावी म्हणून. सपाट बॉडी, चार स्क्रूंनी आवळलेली नेक (गिटारची दांडी), सगळे खटके एका पत्र्याच्या पट्टीवर. नेक चिकटवायची भानगड नाही. लेस पॉल या दुसऱ्या प्रसिद्ध गिटारच्या पद्धतीच्या बऱ्याच किटमध्ये ती चिकटवावी लागते आणि कोन हुकला की संपलं.

किट जोडून तारा चढवल्या की पहिल्या दिवशी वाटतं, पिकप (तारांची कंपनं पकडणारी चुंबक-वेटोळी) भिकार आहेत. बहुतेक जण इथेच नवे पिकप मागवतात. माझं ठाम मत: आधी नट बघा, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी म्हणजे फ्रेट) दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहा. केसाएवढी हवी. माझ्या किटमध्ये तिथून व्हिजिटिंग कार्ड सरकत होतं! नटच्या खाचा इतक्या उंच असल्या की पहिल्या फ्रेटवर तार दाबतानाच ती ताणली जाते, सूर चढतो आणि प्रत्येक कॉर्ड बेसूर लागते. त्यात जी ची तार खाचेत अडकते; खुंटी पिळत राहा, काही होत नाही, आणि मग ‘टिंक’ करून सूर एकदम पुढे उडी मारतो. नटच्या खास कानशी महाग आहेत. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरखरीत सुयांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यावर काम भागतं. खाच खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती ठेवायची, दोन हात घासून तार लावून बघायची, आणि शेवटी पेन्सिलीचं शिसं चोळायचं. एवढ्यावर ही गिटार वाजवण्यालायक झाली.

दुसरं काम फ्रेटचं. स्टीलच्या पट्टीचा छोटा तुकडा एका वेळी तीन फ्रेटवर टेकवायचा. डुगडुगला तर मधला फ्रेट उंच. माथ्यावर मार्करने रेघ मारायची, सपाट पट्टीला ३२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून हलक्या हाताने घासायचं आणि सपाट झालेले माथे पुन्हा गोलसर करायचे. शेवटी चकाकी आणायला स्टील वूल वापरणार असाल तर पिकप आधी झाकून घ्या. त्याचा बारीक चुरा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

आता गुणगुण. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकप म्हटलं की घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आलीच. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल आणि पंख्याचा रेग्युलेटर शेजारी असेल तर विचारूच नका. बॉडीच्या पोकळ्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, ती अर्थला जोडली. रेग्युलेटरची चरचर गेली, मूळची घरघर राहिली. ती चुंबकीय असते, पातळ तांब्याला दाद देत नाही. मात्र माझ्या किटचे दोन पिकप एकमेकांच्या उलट वेटोळ्याचे निघाले, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजतात तेव्हा घरघर जवळपास नाहीशी होते.

म्हणूनच सगळ्यात आवडलेला फेरफार चार खटक्यांच्या स्विचचा. चौथ्या जागी दोन्ही पिकप सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, येतात; आवाज भरदार आणि मोठा. आधी नेक पिकपच्या पत्र्याच्या टोपणाची अर्थ वायर सोडवून वेगळी काढावी लागते, नाहीतर टोपणाला हात लागला की आवाज करतं. पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तापकीर गल्लीतून आणले. २५० के (किलोओहम) ऐवजी २२० के मिळाले, कानाला फरक जाणवला नाही. पॉटच्या पाठीवर डाग द्यायला २५ वॉटचं आयर्न पुरत नाही, ४० च्या पुढचं घ्या. ‘व्हिंटेज’ कपॅसिटरच्या नादी लागू नका.

बॉडीला सुतार वापरतात ते चपड्याचं (लाखेचं) पॉलिश केलं, बोळ्याने, पातळ हात देत. कोरड्या हवेत करा. दमट हवेत ते पांढरट पडतं. आजची स्थिती: कोपर टेकतं तिथली चमक घामाने गेली आहे. पण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे तक्रार नाही. नेकच्या पाठीला जवसाचं उकळलेलं तेल दिलं, हाताला अजून मऊ लागतं. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा.

जुलैत पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खरखरू लागल्या. नेक दमटपणाने मागे वाकली होती. ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक बदलणारा गज) पाव फेरा सैल केला, दुसऱ्या दिवशी ठीक. हिवाळ्यात उलट पिळावा लागेल, आणि कोरड्या हवेत फ्रेटची टोकं बोटांना टोचली तर कानस पुन्हा काढावी लागेल.

खुंट्या मात्र अजून किटबरोबर आल्या त्याच आहेत. सगळे त्यांना शिव्या देतात. मला नट घासल्यावर फारसा त्रास झाला नाही. गिअरमध्ये ढिलाई आहे, म्हणून सूर नेहमी खालून वर चढवत लावतो. जी ची खुंटी जरा जास्तच सैल आहे. बदलायची तर अख्खा संच घ्यावा लागेल, आणि त्याआधी हेडस्टॉकवरच्या भोकांचा व्यास मोजून ठेवायला हवा, कारण प्रत्येक संचाला लागणारं भोक एकाच मापाचं नसतं.