सिड चॅरिसची डीव्हीडी: डबी भंगार, नाच झकास

फोर्टमधल्या एका दुकानातून ‘द बँड वॅगन’ या हॉलिवूडच्या संगीतपटाची (१९५३) डीव्हीडी घेतली. डबी उघडताच मधली पकड तुटली. दुकानदार म्हणतो, ‘ताई, उघडलेला माल परत नाही.’ असो. रंग मात्र टवटवीत आहेत.

घेतली ती नर्तकी-अभिनेत्री सिड चॅरिससाठी. लहानपणी पोलिओ झाला, म्हणून बॅले शिकली आणि पुढे एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत आली. आदल्याच वर्षी ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये तिला एक अक्षर बोलायला नव्हतं, तरी नुसत्या पायांवर भाव खाऊन गेली. इथे नायिका आहे. बागेत ती आणि नायक फ्रेड अस्टेअर आधी नुसते चालतात. चालण्याचा नाच कधी झाला कळतच नाही. मी कथ्थक शिकवते, तेव्हा नजर पायांवरच जाते. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर जातो, पण हिसका म्हणून नाही! तेवढा तुकडा मागे नेऊन परत परत पाहिला.

संवादांत बाई जरा थंडच. गाण्यांतला आवाज तिचा नाही, गायिका इंडिया अ‍ॅडम्सचा. लताबाईंवर वाढलेल्या आपल्याला त्याचं काय! अभिनय बघायचा तर १९५७चा ‘सिल्क स्टॉकिंग्ज’ घ्या. फक्त डबी दुकानातच उघडून बघा.