बोग क्लास एस्कॉर्ट कॅरियरचं १/७०० किट: घ्या, पण युद्धानंतरचं जहाज बनवा

जळगावात शिप मॉडेल बनवणारे आम्ही मोजकेच, त्यामुळे हे किट घेऊ का असं विचारणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितोय. बोग क्लास म्हणजे दुसऱ्या महायुद्धात काफिल्यांच्या संरक्षणासाठी अमेरिकेने बनवलेली छोटी विमानवाहू जहाजं, आणि १/७०० म्हणजे मूळ जहाजाच्या सातशेव्या भागाएवढं मॉडेल. जपानी कंपनीचं आहे, वॉटरलाइन प्रकार म्हणजे पाण्याखालचा भाग नाहीच, बनल्यावर लांबी साधारण २१-२२ सेंमी. कुरियर धरून अडीच हजाराच्या आसपास पडलं, डबा न चेपता आला.

मोल्डिंग एक नंबर. आणि भाग जोडत जाताना हे जहाज कसं जन्माला आलं ते हातालाच कळतं. खाली अमेरिकेच्या सी-३ मालवाहू जहाजाचा हल (जहाजाचं धड), त्यावर हँगर (विमानं ठेवायची जागा), त्यावर लाकडी फळ्यांचा फ्लाइट डेक (विमानं उडवायचा-उतरवायचा) अन् उजव्या कडेला छोटुसं आयलंड (जहाज चालवायचा मनोरा), संपलं. आपल्याकडे ट्रकच्या चासीवर बसची बॉडी बांधतात तसाच प्रकार. प्रोपेलर एकच, टर्बाइन ८,५०० हॉर्सपॉवरचं, स्पीड १८ नॉट (ताशी साधारण ३३ किमी), एवढ्या कमी स्पीडला भरलेलं ॲव्हेंजर बॉम्बर विमान उडवायचं म्हणजे कॅटापल्ट (विमान झटक्याने पुढे फेकणारं यंत्र) लागणारच. पण तेव्हा अटलांटिकच्या मधोमध किनाऱ्यावरची विमानं पोचत नव्हती, जर्मन पाणबुड्या तिथेच काफिले गाठायच्या, आणि मोठ्या कॅरियर बांधत बसायला वेळ कुठे होता. बोग सप्टेंबर १९४२ मध्ये दाखल झाली, अन् जून १९४४ मध्ये तिच्याच विमानांनी सोनं घेऊन युरोपकडे निघालेली जपानी पाणबुडी आय-५२ बुडवली.

आता माझी खरी तक्रार. माहितीपत्रक, डेकल (चिकटवायची चिन्हं), छोट्या छोट्या २० मिमी तोफा, सगळं फक्त युद्धातलं. जसं काही १९४५ नंतर ही जहाजं गायबच झाली! अरे भाऊ, या क्लासची खरी गोष्ट तर पुढेच आहे. जेट आली, त्यांना हा डेक पुरेना आणि १८ नॉटही पुरेना, लढाऊ काम गेलं. बोग स्वतः १९६० मध्ये भंगारात विकली गेली. पण ब्रिटनला दिलेली एचएमएस अटॅकर बघा, ती नंतर फेअरस्काय नावाची प्रवासी बोट झाली आणि १९५८ पासून इंग्लंडातली कुटुंबंच्या कुटुंबं ऑस्ट्रेलियाला स्थायिक व्हायला घेऊन गेली. हल तोच, मूळ मालवाहूचा.

आणि याच क्लासची यूएसएस कार्ड. ही १९५८ ला परत कामाला लागली, यूएसएनएस कार्ड म्हणून, नौदलाचे खलाशी नाही तर सिव्हिलियन क्रू, काम फक्त विमानं-हेलिकॉप्टर वाहायचं. २ मे १९६४ ला पहाटे सायगाव बंदरात व्हिएत काँगच्या (दक्षिण व्हिएतनाममधल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या) लाम सन नाओ आणि त्याच्या साथीदाराने हलला स्फोटकं लावली, पाच जण गेले, जहाज धक्क्यालाच तळाला टेकलं. उत्तर व्हिएतनामने त्यावर पोस्टाचं तिकीटसुद्धा काढलं. अमेरिकेने १९ मेला ते वर काढलं, दुरुस्त केलं आणि डिसेंबरमध्ये परत कामाला जुंपलं. जहाजाच्या आयुष्यात अजून काय पाहिजे?

म्हणून माझं म्हणणं, कार्डच बनवा. तोफा लावूच नका, त्यांच्या जागा पुटीने भरून घासा, किटमधली वाइल्डकॅट लढाऊ विमानं डब्यातच राहू द्या आणि डेकवर हेलिकॉप्टर दाटीवाटीने उभी करा. ती वेगळी शोधावी लागतात, या स्केलला सहज मिळत नाहीत, पण तेवढ्या शोधाशोधीचं चीज होतं. मागचा डेक जोडताना मधली फट दिसते, ती रंगाआधीच बुजवा.

आपल्या खान्देशातल्यांसाठी खास: मे महिन्यात याला हात लावू नका. पंचेचाळीस डिग्रीला एअरब्रशच्या नोझलमध्येच रंग सुकतो, आणि कूलर लावावा तर धूळ उडून ओल्या डेकवर बसते. एप्रिलपर्यंत हल अन् हँगर जोडून ठेवा, पहिला पाऊस झाला की रंगवायला घ्या. पण रिपरिप चालू असताना क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) नको, दमट हवेत पांढरट होतो, एखादी उघडीप बघून मारा.