कॉमेंटमधलं स्पेलिंग: कोडस्पेल, टायपोज की सीस्पेल?

लायब्ररीच्या, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या, कॉमेंटमधलं (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपांमधलं) स्पेलिंग सुधारायचं ठरवलं की स्पेलिंग तपासणाऱ्या टूल्सची ही तीन नावं समोर येतात. तिन्ही फुकट, तिन्ही ओपन सोर्स. निवड करताना एवढंच बघा, की कुणाकडे कसली यादी आहे.

कोडस्पेलकडे चुकांची यादी असते. 'सेपरेट'मध्ये पी नंतर ए ऐवजी ई, 'लेंग्थ'च्या शेवटी टी-एच ऐवजी एच-टी, अशा नेहमीच्या चुका. यादीत नसलेला शब्द त्याच्या लेखी बरोबरच. सीस्पेलचं उलटं. त्याच्याकडे बरोबर शब्दांचे कोश, आणि कोशात नाही तो शब्द संशयित. आमची लायब्ररी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांच्या हिशेबाची. हमाली, तोलाई, बेदाणा हे शब्द रोमन लिपीत कॉमेंटमध्ये जागोजागी. सीस्पेल पहिल्यांदा चालवलं तर बहुतेक तक्रारी यांच्याच, खऱ्या चुका त्यातून वेचाव्या लागल्या. हे शब्द त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये भरले की ते गप्प बसतं, पण हळदीचं काम आलं की पुन्हा भरा. बदल्यात, कुणाच्या यादीत नसलेली अफलातून चूक पकडावी ती सीस्पेलनंच.

टायपोज चुकांच्याच यादीवर चालतं. रस्ट या वेगवान प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, त्यामुळे झपाट्यानं काम करतं, आणि जोडनावं फोडून बघतं. 'मॅक्स अंडरस्कोर लेंग्थ'मधलं लेंग्थ चुकलं असेल तर कोडस्पेल पुढे निघून जातं, कारण अंडरस्कोर धरून त्याला तो एकच शब्द वाटतो. टायपोज मात्र थांबतं.

पण कॉमेंट कुठली आणि कोड कुठला, हे यातलं कोणीच आपणहून बघत नाही. इथंच माझा हात पोळला. कोडस्पेलला 'डब्ल्यू' हा पर्याय दिला की ते न विचारता फाइल बदलतं. मी तो अख्ख्या फोल्डरवर चालवला. कॉमेंट सुधारल्या, आणि सोबत कोडमधल्या एका पॅरामीटरचं (फंक्शनला द्यायच्या माहितीचं) नावही सुधारलं. ते नाव नुसतं 'लेंग्थ', वर्षानुवर्षं चुकीचं होतं आणि वापरणारेही तसंच लिहीत होते. दुसऱ्या दिवशी सौदे सुरू व्हायच्या आधी दुकानातून फोन: "अवो, शेतकऱ्याची पट्टीच निघंना!" चुकीचं नाव परत घातलं तेव्हा निघाली. वेबच्या एचटीटीपी नियमांतल्या 'रेफरर' हेडरच्या (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या) नावातला एक आर 1996 च्या आरएफसीपासून, म्हणजे नियमांच्या दस्तऐवजापासून, गायब आहे, तो आजही कुणी बसवलेला नाही. सगळे तेच नाव वापरतात, म्हणून ते बरोबरच आहे.

'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडला असेल तर या तिघांच्या भरवशावर राहू नका, दोन्ही शब्द खरेच आहेत. तिथं डोळेच लागतात.

तर मी काय सुचवेन? स्वतःची लायब्ररी असेल तर टायपोज, पण फक्त दाखवायला, बदल हातानं. टीम लहान आणि शब्द भरायची चिकाटी असेल तरच सीस्पेल. दुसऱ्याच्या लायब्ररीत कोडस्पेल, विचारून बदलणाऱ्या पर्यायासह, आणि सगळ्या कॉमेंट एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारा अशा विनंतीत). हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात 2020 साली टी-शर्टासाठी लोकांनी रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) एकेक शब्द बदलून मेंटेनरांना, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना, असं पिडलं, की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले. आपण त्या रांगेतले वाटायला नको.

आणि हा कमिट (बदलांची नोंद) वेगळा ठेवा. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये 2.23 पासून 'ब्लेम'ला, म्हणजे कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या कमांडला, असे कमिट वगळायला सांगता येतं, त्यांची यादी एका फाइलमध्ये देऊन. आपल्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) त्या यादीच्या फाइलमध्ये टाकला की ओळ मुळात कुणी लिहिली ते पूर्वीसारखंच दिसतं.