लोकअदालतीतली अपघाताची तडजोड: कुणी करावी, कुणी थांबावं

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालत भरते, तेव्हा मोटार अपघाताचे दावेही तडजोडीला ठेवले जातात. टाके सुटले, माणूस कामावर गेला, बिलं हातात आहेत, अशा दाव्याला याहून बरी सोय नाही. निवाडा त्याच दिवशी, भरलेली कोर्ट फीही परत. फक्त विमा कंपनीनं पैसे कधीपर्यंत भरायचे आणि उशीर झाला तर व्याज किती, हे तडजोडपत्रात लिहून घ्या. एरवी रेंगाळतं ते इथंच.

हाड मोडून आत प्लेट असेल तर मात्र घाई नको. या निवाड्यावर अपील नाही. प्लेट काढायचं ऑपरेशन, नंतरची फिजिओथेरपी, सगळं सहीआधीच आकड्यात आलं पाहिजे. सीपीआर या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला आधी काढा. त्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे. हुपरीच्या चांदी कारागिराचं बोट आखडलं, तर दाखल्यावर १० टक्के असले तरी कामातली घट २० टक्के मांडता येते. वय ३२, महिना १५,००० धरा. वर्षाचे १,८०,०००, पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,०००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा, १६; गुणाकार ४०,३२,०००. त्याचे २० टक्के म्हणजे ८,०६,४००. उपचार आणि वेदनांचे पैसे वेगळे. कंपनीचा वकील पहिला आकडा यापेक्षा कमीच सांगणार, ते त्याचं कामच आहे.

गाडीमालकांची गल्लत निराळी. गॅरेजचं बिल पास झालं की त्यांना प्रकरण मिटलं असं वाटतं. तो ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम; जखमीचा दावा थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या हानीच्या विम्यात येतो, आणि दुखापतीच्या भरपाईला तिथं कमाल मर्यादा नाही. कंपनीनं मालकाशी परस्पर तडजोड केली आणि जखमी त्यात पक्षकार नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १५२ प्रमाणे ती वैध ठरत नाही. स्टॅम्पपेपरवर थोडे पैसे देऊन ‘तक्रार नाही’ असं लिहून घेणं तर अंगलटच येतं: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, ही पॉलिसीतलीच अट आहे. चालकाकडे लायसन नसेल, तर कंपनीनं आधी भरावं आणि मालकाकडून वसूल करावं, असा हुकूम अनेकदा होतो.

आकडा पटला नाही, तर नकार देऊन दावा मोटार अपघात प्राधिकरणासमोर चालवता येतो. त्या निकालावर ९० दिवसांत अपील करता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्यानं त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.