वायर घ्यावी की पेपर?

आर्थिक बातम्यांवर पैसे खर्च करायचे हे तुमचं ठरलंय. प्रश्न एवढाच, की वायर सेवा (वृत्तसंस्थेकडून दिवसभर थेट येणाऱ्या बातम्या) घ्यावी की आर्थिक दैनिकाची डिजिटल वर्गणी. मी काही वर्षं दोन्ही ठेवली, मग एक बंद केली.

गंमत म्हणजे दोन्हींची मुळं एकाच तळघरात सापडतात. १८८२ साली चार्ल्स डाऊ, एडवर्ड जोन्स आणि चार्ल्स बर्गस्ट्रेसर वॉल स्ट्रीटवरच्या एका तळघरातून हाताने लिहिलेले बातम्यांचे चिटोरे पोऱ्यांकरवी दिवसभर दलालांकडे धाडत. १८८३ पासून त्याच बातम्यांचं दोन पानी पत्र दुपारी निघू लागलं आणि १८८९ मध्ये त्याचं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ हे आर्थिक दैनिक झालं. चिटोऱ्यांचं काम आज वायर करते.

वाचायला पेपर उजवा, यात वाद नाही. तिमाही नफा का वाढला, त्यात जमीन विकून आलेले पैसे किती, हे तो नीट उलगडून सांगतो. वायरवर आधी एका ओळीचा फ्लॅश, मग दोन-तीन परिच्छेद, मग तीच बातमी थोडी भर घालून पुन्हा. पहिला महिना जड जातो.

माझं घोडं अडलं ते दुरुस्तीपाशी. एका कंपनीवर टिपण लिहिताना सकाळी एका दैनिकाच्या साइटवरून कर्जाचा आकडा घेतला. संध्याकाळी विचारणा झाली, हा आकडा कुठून आणलात? साइट उघडली तर तिथे दुसराच आकडा. मथळा तोच, लिंक तीच, बदल केल्याची एक ओळही नाही. घाईत चूक कोणाच्याही हातून होते. पण ती अशी गुपचूप पुसली, की सकाळी आपण काय वाचलं होतं याचा पुरावाच हातात उरत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी प्रत्येक बातमीचा स्क्रीनशॉट काढून ठेवत होतो.

तळघरातून गेलेला चिटोरा परत बोलावता येत नसे, दुरुस्ती करायची तर नवा धाडावा लागे. वायरने ते वळण बऱ्यापैकी टिकवलंय. रॉयटर्स या वृत्तसंस्थेची चुकलेली बातमी पुन्हा येते ती मथळ्यातच दुरुस्तीचा शिक्का घेऊन, आणि नेमकं काय बदललं तेही वर लिहिलेलं असतं.

सगळीच दैनिकं तशी नसतील. काही जण दुरुस्तीची टीप प्रामाणिकपणे देतात. आठवड्यातून दोनदा निवांत वाचणार असाल, तर पेपरच घ्या. वाचलेल्या आकड्याखाली तुमची सही जाणार असेल, तर मात्र मी वायरकडे झुकेन. पेपर बंद केल्यावर मला रविवारचे मोठे लेख तेवढे चुकल्यासारखे वाटतात.