पंचवटीतला दातांचा दवाखाना, अण्णांची तंबाखू सुटली

अण्णा २५ वर्षं तंबाखू-चुना मळून गालात धरायचे. मिसळ खाताना तोंड पोळायला लागलं म्हणून इथे आणलं, तर डॉक्टर मॅडमनी तोंड किती उघडतं ते बघायला आधी तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली, अण्णांची दोनच गेली, मग आरसा धरून गालाच्या आतला पांढरा चट्टा त्यांनाच दाखवला. कॅन्सरच असेल असं नाही पण होऊ शकतो, बायोप्सी (चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणी) कराच, असं स्पष्ट सांगितलं, ओरडल्या मात्र अजिबात नाहीत. तंबाखूची तलफ भागवायची २ एमजीची निकोटिन गम भराभर चावायची नसते, थोडी चावून गालाशी ठेवायची, हे पण बसून शिकवलं. तंबाखू सोडायला मदत करणारा, पुडीवर असतो तो १८००-११-२३५६ हा फुकट नंबरही तिथूनच लावून दिला. पार्किंगची बोंब आहे, रिक्षाने जा. बायोप्सी क्लिअर आली, पाच महिने झाले, चुन्याच्या डबीत आता बडीशेप असते.