विहिरीवरचा सेन्सर: तयार घ्यावा की जुळवून घ्यावा?

शेतकरी गट असो, ग्रामपंचायत असो की जुळे सोलापुरातली सोसायटी, पाण्याची पातळी मोबाइलवर दिसावी असं आता सगळ्यांनाच वाटतंय. मोबाइल स्टार्टरनं घरबसल्या मोटर चालू करायची सवय झालीच आहे, तर विहिरीत पाणी किती आहे हेही तिथंच कळावं, यात वावगं काही नाही. त्यासाठी वाटा दोन आहेत. कंपनीचं तयार यंत्र घ्यायचं, म्हणजे सीलबंद डबा, सिमकार्ड, ॲप आणि वर्षाचं शुल्क. नाहीतर ओपन हार्डवेअर: सर्किटचा आराखडा आणि कोड खुला असलेला बोर्ड घ्यायचा, त्याला सेन्सर जोडायचे आणि आकडे आपल्याच सर्व्हरवर ठेवायचे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या आकड्यावरून भांडण होऊ शकतं, म्हणजे पाणीवाटप, वर्गणी किंवा टँकरची मागणी, तिथं प्रमाणपत्र असलेलं तयार यंत्र घ्या. मोटर चालवायची की थांबवायची एवढंच ठरवायचं असेल तर जुळवलेलं यंत्र पुरतं. तिसरी वाटही आहे, ती पुढे येईल.

किमतीवर फार वेळ घालवू नका. सेन्सरचे आकडे वाचून पाठवणारा ईएसपी३२ बोर्ड पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. सेन्सर, डबा, छोटं सोलर पॅनेल आणि बॅटरी धरून काही हजारांत काम होतं. तयार यंत्र याच्या कितीतरी पट महाग. पण बोर्ड खुला असला तरी त्याला लावलेला सेन्सर सहसा खुला नसतो, आणि पैसे नेमके तिथंच वाचवले जातात. खरी तुलना सेन्सरचीच करायला हवी.

स्वस्त जोडणीत हमखास दिसतो तो अल्ट्रासॉनिक सेन्सर. वरून आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. गच्चीवरच्या टाकीला हा उत्तम. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापूर शहरात सोसायट्यांना एवढंच तर हवं असतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. अगदी जवळचं, म्हणजे साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, म्हणून तो टाकी भरण्याच्या पातळीपेक्षा तेवढा उंच बसवा. दुसरी गोष्ट उन्हाची. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४२ अंशांना तो ३५६ च्या घरात जातो. प्रोग्राममध्ये तापमानाची दुरुस्ती नसेल तर ४ मीटर अंतरात सुमारे १५ सेंटिमीटरची चूक येते, आणि तीही पाणी जास्त दाखवण्याच्या बाजूनं! शेजारी तापमानाचा साधा सेन्सर लावला की हे मिटतं. तयार यंत्रात ही दुरुस्ती आहे का, तेही विचारा. असेलच असं धरून चालू नका.

बोअरमध्ये मात्र अल्ट्रासॉनिक नकोच. अरुंद केसिंग, आत कॉलम पाइप आणि केबल. आवाज पाण्याआधी त्यांनाच आपटून परत येतो. तिथं पाण्यात बुडणारा दाबाचा प्रोब लागतो. प्रोब घेताना रेंज, म्हणजे तो किती खोलीपर्यंत मोजतो ते, बघा. अर्धा टक्का अचूकता म्हणजे १०० मीटर रेंजच्या प्रोबला अर्धा मीटर इकडेतिकडे, आणि १० मीटरच्या प्रोबला ५ सेंटिमीटर. उघड्या विहिरीला उगाच मोठी रेंज घेऊन अचूकता घालवू नका. शिवाय केबलमध्ये हवेची बारीक नळी असलेलाच प्रोब घ्या. ती नसेल तर हवेचा दाब १० मिलिबारनं उतरला की पाणी १० सेंटिमीटरनं उतरलेलं दिसतं, आणि पावसाळी हवेत तेवढा फरक सहज पडतो.

तिसरी वाट इथूनच निघते. प्रोब औद्योगिक दर्जाचा, म्हणजे पातळी ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहातून कळवणारा घ्यायचा. वरचा बोर्ड, कोड आणि सर्व्हर खुला ठेवायचा. या पद्धतीत विहीर कोरडी असली तरी ४ मिलिअँपिअर येतातच. शून्य आलं म्हणजे उंदरानं वायर तोडली, पाणी आटलेलं नाही. एक काळजी मात्र घ्या: ईएसपी३२ ला आतून असलेलं व्होल्टेज मापन काटेकोर नसतं, म्हणून बाहेरून १६ बिटचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप, लावा. खर्च दोन्हींच्या मधला येतो. वरचं काहीही बिघडलं तरी तालुक्याच्या गावातला इलेक्ट्रॉनिक्सवाला ते बदलू शकतो, अख्खा डबा कुरिअर करावा लागत नाही. पाच-सात विहिरी असलेल्या गटाला मी डोळे झाकून हेच सुचवीन.

शून्य कुठे धरायचा, हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. उजनीचं उदाहरण आपल्या समोर आहे. ११७ टीएमसीच्या धरणात सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे ‘शून्य टक्के’ म्हणतात तेव्हाही आत निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि उन्हाळ्यात आकडा उणेमध्ये जातो. विहिरीचंही तसंच. कुणी काठापासून खाली मोजतं, कुणी तळापासून वर. गटातल्या सगळ्या विहिरी एकाच पद्धतीनं मोजा, नाहीतर अटल भूजलसारख्या योजनेत गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडताना आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत.

आता ऊन. नेहमीच्या लिथियम आयन बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हातल्या बंद डब्यात त्याहून जास्त तापतं. म्हणून उष्णता जास्त सोसणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, डबा पांढरा ठेवा आणि पॅनेलच्या सावलीत लावा. यात दोन्ही वाटा सारख्याच. फक्त तयार यंत्रात बॅटरी कुठली आहे ते तुम्हाला उघडून बघता येत नाही, उघडलंत की वॉरंटी गेली. सहा महिन्यांनी जुळवलेला डबा उघडला की आत काय असतं तेही सांगतो: कोपऱ्यात मुंग्यांची माती, पालीची अंडी आणि टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा गंज. वायरी खालच्या बाजूनं आत घ्या, वायर आत जाते तिथली ग्लँड आवळा, आत सिलिका जेलची पुडी टाका.

आकडे पाठवायला सिमकार्ड की लोरा, म्हणजे कमी विजेत दूरवर पोचणारी रेडिओ पद्धत? विहीर एकच असेल तर सिम. पाच-सात असतील तर लोरा, कारण ती वापरते त्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. गावच्या पाण्याच्या टाकीवर एक गेटवे, म्हणजे सगळ्या विहिरींचे आकडे गोळा करून इंटरनेटवर टाकणारा डबा, बसवला की सपाट माळरानावर काही किलोमीटरपर्यंतच्या विहिरी त्यात येतात. उसात मात्र अँटेना पिकाच्या वर काढावीच लागते; ओला ऊस सिग्नल खातो.

जमिनीतल्या ओलाव्याचे शे-दीडशे रुपयांचे सेन्सर काळ्या रानात लावू नका. माती वाळली की भेगा पडतात, पात्याभोवती पोकळी होते आणि आकडा निरर्थक ठरतो. डाळिंबाच्या हलक्या, मुरमाड रानातही खडी जास्त असेल तर तीच गत.

पाण्याच्या गुणवत्तेचे कायम बसवायचे सेन्सर सध्या तरी दोन्ही वाटांनी टाळा. पीएचचा इलेक्ट्रोड वाळला की गेला, आणि त्याला वरचेवर ठरलेल्या पीएचच्या बफर द्रावणात बुडवून तपासावं लागतं. टीडीएसचा आकडा क्षार किती ते सांगतो, नायट्रेट किंवा जंतूंबद्दल काही नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत बरा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. पण त्या आकड्यावर विसंबून पाणी पिऊ नये. हातात धरायचं मीटर आणि प्रयोगशाळेची तपासणी हेच बरं.

विक्रेत्याला, मग तो कुठल्याही वाटेचा असो, तीन प्रश्न विचारा. शुल्क भरायचं थांबवलं तर जुने आकडे फाइल म्हणून मिळतील का? प्रोब एकटा बदलता येतो का? आणि बिघाड झाला तर सोलापुरातून माणूस येणार की पुण्याहून? जुळवलेल्या यंत्राला यातला तिसरा प्रश्नच जड जातो. कॉलेजातल्या पोरांनी प्रकल्प म्हणून बसवून दिलेलं यंत्र ती पोरं पास होऊन गेली की बंद पडतं, हे गावोगाव दिसतं. गटातल्या एकाला तरी कोड टाकता आणि सोल्डरिंग करता येत नसेल, तर मुकाट्यानं तयार घ्या.

बसवायचं ते मेमध्ये, मृगाच्या आधी. विहीर तळाला गेलेली असते आणि गाळ काढायला माणसं उतरलेलीच असतात. तेव्हा टेपनं मोजून शून्य पक्का करता येतो, प्रोब गाळाच्या हातभर वर टांगता येतो आणि पाइपला नीट क्लँप मारता येतो. श्रावणात भरल्या विहिरीत हेच करायला गेलात तर केबल किती खाली सोडली ते अंदाजानंच लिहावं लागेल.